लिन्स्खोटेन : गोव्याच्या कचेरीतून कारा समुद्राकडे

आमच्या भूगोलाच्या वर्गात आशिया खंडाचा जो मोठा नकाशा टांगलेला आहे, त्याचा वरचा काठ लाकडी दांडीभोवती इतका गुंडाळला गेला आहे की सैबेरियाचा उत्तर किनारा विद्यार्थ्यांस सहसा दिसतच नाही. परीक्षेत त्या भागावर प्रश्न येत नाही, म्हणून कोणी तक्रारही करीत नाही. परंतु त्या झाकलेल्या किनाऱ्यास चारशे वर्षांपूर्वी जो एक मनुष्य दोनदा जाऊन आला, त्याने त्याआधीची पाच वर्षे गोव्यात काढली होती आणि आमच्या ह्या जिल्ह्यातील चौल बंदराचे वर्णन युरोपच्या वाचकांपुढे ठेवले होते. त्याचे नाव यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन. त्याच्या चरित्राचा गोव्याकडील अर्धा भाग आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक असतो. उत्तरेकडील अर्धा मात्र त्या नकाशाप्रमाणेच गुंडाळलेला राहतो. आम्हांस तो उलगडून दाखवावयाचा आहे.

लिन्स्खोटेनचा जन्म 1563 साली हॉलंडमधील हार्लेम शहरी झाला. तो लहान असतानाच आईबाप एंकहाउझेन ह्या बंदराच्या गावी राहावयास आले. गाव दर्यावर्दींचे, घराबाहेर पाऊल टाकावे तो शिडे, दोरखंड आणि दूरदेशच्या गोष्टी. थोरले भाऊ व्यापारानिमित्त स्पेनमधील सेव्हिल शहरी गेले होते. सोळा-सतरा वर्षांचा होताच हाही त्यांच्या मागोमाग गेला आणि तेथून पुढे लिस्बनास पोचला. ह्याच सुमारास, 1580 साली, स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. हॉलंडचे लोक त्या राजाविरुद्ध बंड करून उठले होते. अशा काळी एक डच तरुण पोर्तुगीजांच्या नोकरीत शिरतो आणि थेट हिंदुस्थानात येतो, हे आज नवलाचे वाटेल. पण लिहिता येणारा, हिशेब जाणणारा आणि निमूटपणे काम करणारा माणूस कोणत्याही कचेरीस हवाच असतो. भावाच्या वशिल्याने त्यास गोव्याचे नवे आर्चबिशप दों व्हिसेन्ते द फोन्सेका यांच्या पदरी चिटणिशी मिळाली. 1583 च्या 8 एप्रिल रोजी लिस्बनाहून निघालेली गलबते 21 सप्टेंबरास गोव्यास लागली. त्या वेळी लिन्स्खोटेन वीस वर्षांचा होता.

गोव्यात त्याने जे पाहिले त्याचे सविस्तर वर्णन येथे देण्याचे कारण नाही. त्याच्या ग्रंथातील गोव्याच्या बाजारपेठेचे चित्र आणि शहराचा नकाशा इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार छापले जातात. चौलविषयी तो लिहितो तेव्हा तेथील रेशमी वस्त्रे विणणाऱ्या कारागिरांची आणि त्या मालाच्या मोठ्या व्यापाराची नोंद करावयास विसरत नाही. आज रेवदंड्याच्या तटाखाली उभे राहिल्यास हे खरे वाटू नये इतके ते बंदर निवांत झाले आहे. आणखी एका गोष्टीचा उल्लेख मराठी वाचकांसाठी अवश्य केला पाहिजे. 1583 सालीच न्यूबेरी, फिच व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांची सुटका व्हावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत हा डच चिटणीस होता आणि जेझुइट पाद्री फादर थॉमस स्टीफन्स हेही होते. मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचणारे आणि 1616 साली ते छापवून घेणारे ते हेच फादर स्टीफन्स. मराठीचा तो थोर उपासक आणि उत्तर समुद्राचा हा भावी प्रवासी एकाच लहान शहरात, एकाच कामासाठी धडपडले, हे वाचून आम्हांस तरी मोठा आनंद झाला.

आर्चबिशपांच्या कचेरीत लिन्स्खोटेनकडे कागदपत्रांचे काम असे. त्या निमित्ताने अनेक लोक भेटत आणि अनेक कागद हाताखालून जात. पोर्तुगीज सुकाणूदार आपापल्या वहीत वाटांची टिपणे ठेवीत: कोणत्या महिन्यात कोणता वारा, कोठे खडक, कोठे किती वाव पाणी, किनारा दिसू लागला की कोणता डोंगर ओळखावा. ही टिपणे परक्यांच्या हाती पडू नयेत असा दंडक होता. लिन्स्खोटेनने ती मिळतील तेथून मिळवून उतरून घेतली. हे कृत्य धन्याशी इमानाचे होते काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील, आणि तो विचारावा. आमचे मत असे की आर्चबिशपांशी त्याने बेइमानी केली नाही. पोर्तुगीज राज्याशी मात्र केली, आणि ते राज्य त्याच्या मायदेशाचे शत्रू होते.

ह्या पाच वर्षांत त्याने आणखी एक गोष्ट शिकून घेतली आणि तिचा त्याच्या पुढील आयुष्याशी फार निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते. कोकणात समुद्र बंद होतो व उघडतो. मे महिन्यात ढग दाटले, नैर्ऋत्येचा वारा सुटला, की गलबते किनाऱ्यावर ओढली जातात. मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो आणि मोठ्या जहाजांस वाट राहत नाही. लिन्स्खोटेनने ह्याचे वर्णन केले आहे, आणि युरोपीय मनुष्यास शोभेल अशा रीतीने तो ह्या ऋतूस हिवाळा म्हणतो! सप्टेंबर आला की बांध फुटतो आणि बंदर पुन्हा गजबजते. आमच्या पनवेलच्या खाडीतून जेव्हा मचवे मुंबईस जात येत, तेव्हाही हाच क्रम होता. आणि नारळी पौर्णिमेस सोन्याचा नारळ समुद्रास वाहून कोळी आजही होड्या पाण्यात लोटतो, तो ह्याच भरवशावर. आमचा समुद्र रुसतो खरा, पण त्याच्या रुसव्यास पंचांग आहे.

1587 साली आर्चबिशप राजाची भेट घेण्यासाठी परत निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. ही बातमी गोव्यास पोचावयास पुढचे वर्ष उजाडले. धनी गेला, तेव्हा लिन्स्खोटेनचाही पाय तेथून निघाला. 1589 च्या जानेवारीत कोचीनहून मिऱ्यांनी भरलेल्या गलबतावरून तो निघाला. वाटेत अझोर बेटांतील टर्सेरा येथे, बुडालेल्या एका जहाजाचा माल काढण्याच्या कामात, दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडला. आणि 1592 च्या सप्टेंबरात एंकहाउझेनास घरी आला. घर सोडतेवेळी जो पोरसवदा होता, तो एकोणतीस वर्षांचा बहुश्रुत गृहस्थ होऊन परतला.

आता हॉलंडपुढील पेच काय होता तो समजून घेतला पाहिजे. मिरी, दालचिनी, लवंग हा माल पूर्वेकडे; आणि पूर्वेकडील वाट आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून जाणारी, तिच्यावर शत्रूची गलबते. तेव्हा आशियाच्या उत्तरेकडून, सैबेरियाच्या माथ्यावरून, चीनला जाणारी एखादी वाट असल्यास ती जवळचीही पडेल आणि निर्वेधही. 1580 साली पेट आणि जॅकमन ह्या इंग्रज कप्तानांनी तिचा शोध करून पाहिला होता आणि बर्फामुळे ते मागे फिरले होते. पृथ्वीचा गोल हाती घेऊन पाहिले असता ही कल्पना मुळीच वेडगळ दिसत नाही. आम्सटरडॅमचे धर्मोपदेशक व नकाशाकार पेत्रुस प्लान्सियस यांचे म्हणणे असे की बर्फ किनाऱ्यालगत धरते, म्हणून नोवाया झेम्ल्या ह्या लांबलचक बेटास उत्तरेकडून वळसा घालावा. एंकहाउझेनच्या व झीलंडच्या व्यापाऱ्यांस हे पटेना. नोवाया झेम्ल्याच्या दक्षिणेस वायगाच नावाचे बेट आहे. त्याच्या आणि रशियाच्या मुख्य भूमीच्या मधील सामुद्रधुनीतून शिरावे, असा त्यांचा आग्रह. लिन्स्खोटेन ह्या दुसऱ्या पक्षाचा होता.

येथे त्या प्रदेशाची थोडी ओळख करून देतो. आम्ही राहतो ते पनवेल 19 अक्षांशावर, गोवे साडेपंधरावर, आणि वायगाचची ही सामुद्रधुनी, जिला आज युगोर म्हणतात, ती सुमारे 69 अंश 40 कलांवर, म्हणजे ध्रुववृत्ताच्याही उत्तरेस आहे. तेथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून दोन महिने सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमानही 10 अंश सेल्सिअसपर्यंत पोचत नाही. म्हणून तेथे झाड वाढत नाही, केवळ शेवाळ, दगडफूल, गवत आणि बोटभर उंचीची झुडपे. जमीन खाली बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा वीतदोन वीत थर वितळतो, पाणी खाली मुरत नाही, आणि सगळी दलदल होते.

सामुद्रधुनीच्या पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र यांत फार अंतर आहे, आणि ह्या चरित्राची सारी कळ तेथेच आहे. अटलांटिक महासागरातून येणाऱ्या उबदार प्रवाहाची एक शाखा नॉर्वेच्या टोकावरून पूर्वेकडे येते; तिच्यामुळे मुर्मान्स्क बंदर ऐन हिवाळ्यातही उघडे असते. परंतु नोवाया झेम्ल्या साडेपाचशे मैलांहून अधिक लांबीची भिंत होऊन आडवे पडले आहे. भिंतीपलीकडचा कारा समुद्र त्या उबेस मुकला. शिवाय ओब आणि येनिसेई ह्या अवाढव्य नद्या त्यात गोडे पाणी ओततात, आणि गोडे पाणी खाऱ्याहून लवकर गोठते. ह्यामुळे वर्षातील बहुतेक महिने तो समुद्र बर्फाखाली असे. उन्हाळ्यात वितळलेले बर्फ कोठे जाणार हे सर्वस्वी वाऱ्यावर अवलंबून: एका वर्षी वारा ते उत्तरेकडे लोटील आणि वाट मोकळी होईल, दुसऱ्या वर्षी तेच बर्फ सामुद्रधुनीच्या तोंडात बुचासारखे बसेल. ह्या समुद्रास पंचांग नाही.

1594 च्या जूनमध्ये गलबते निघाली. दोन्ही पक्षांस संधी द्यावी असे ठरले होते, म्हणून कोलाच्या किनाऱ्यावरील किल्डिन बेटापाशी काफिला दुभंगला. विलेम बारेन्ट्स उत्तरेकडे वळला. कोर्नेलिस नाय आणि ब्रान्ट टेटगालेस ह्या कप्तानांची दोन गलबते वायगाचकडे निघाली; टेटगालेसच्या गलबतावर व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून लिन्स्खोटेन होता, आणि रोजनिशी लिहिण्याची गोव्याची सवय त्याने सोडली नव्हती. वाटेत रशियन कोळ्यांच्या होड्या भेटल्या. पुढे बर्फ असते, असे ते सांगत. जुलैच्या अखेरीस वायगाचच्या एका टोकावर लाकडी देवमूर्तींचा मोठा समुदाय आढळला. शेकडो मूर्ती, उघड्या आभाळाखाली. ह्या मूर्ती तेथील नेनेत्स लोकांच्या. त्या काळी युरोपीय त्यांस सामोयेद म्हणत. रेनडिअर पाळणारे, त्यांच्याच कातड्याचे कपडे घालणारे, त्यांच्याच गाड्यांतून बर्फावर व चिखलावरही धावणारे असे हे लोक आहेत.

ऑगस्टच्या आरंभी गलबते सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे गेली. प्रथम बर्फ आडवे आले. मग एकाएकी ते दूर झाले आणि समोर निळा, खोल, लाटांनी हेलावणारा समुद्र पसरला! काही दिवस पूर्वेकडे जाता जाता किनारा वळलेला दिसला, तेव्हा ओब नदीचे मुख जवळ आले असा त्यांचा समज झाला. वस्तुतः ओबचे मुख अजून फार पुढे होते. खोल पाणी आणि महासागरासारखी लाट पाहून चीनकडील दार उघडल्याची त्यांची खात्री पटली. सामुद्रधुनीस त्यांनी आपल्या राजपुत्राच्या घराण्यावरून नासाउ हे नाव दिले, पलीकडच्या समुद्रास नवा उत्तर समुद्र म्हटले, आणि ऋतू सरण्यापूर्वी ते माघारी फिरले. परतीच्या वाटेवर बारेन्ट्स भेटला. त्यास उत्तरेकडे केवळ बर्फच भेटले होते.

सप्टेंबरात घरी आल्यावर दोघांनी आपापले वृत्त सांगितले. बारेन्ट्सचे वृत्त निराशेचे होते, लिन्स्खोटेनचे उत्साहाचे. राज्यकर्त्यांस कोणते आवडले असेल हे सांगावयास नको. आमच्या मते लिन्स्खोटेन खोटे बोलला नाही. त्याने जे पाहिले तेच सांगितले. परंतु त्याने एकच ऑगस्ट पाहिला होता. ज्याने पाच पावसाळे मांडवीच्या मुखाशी समुद्र नेमाने बंद होताना व नेमाने उघडताना पाहिला, त्यास एकदा उघडा दिसलेला समुद्र दर वर्षी उघडेल असे वाटले असल्यास आम्हांस नवल वाटत नाही. रशियन कोळ्यांचे बोलणे त्याने ऐकले. मानले असते तर बरे होते. ते गोव्याच्या सुकाणूदारांसारखी वही ठेवीत नसत, एवढाच त्यांचा दोष.

1595 च्या जुलैत सात गलबते निघाली. त्यांत कापड आणि तऱ्हेतऱ्हेचा व्यापारी माल भरला होता, जणू चीनची पेठ सामुद्रधुनीच्या पलीकडेच आहे. लिन्स्खोटेन पुन्हा प्रतिनिधी होता. बारेन्ट्सही बरोबर होता. निघावयास उशीर झाला होता. ऑगस्टच्या मध्यानंतर ते सामुद्रधुनीपाशी आले, तो ती बर्फाने गच्च भरलेली! जरा फट दिसावी, गलबते आत घालावीत, आणि वारा फिरताच पुन्हा मागे लोटले जावे, असे आठवड्यांमागून आठवडे चालले. रशियन लोकांनी सांगितले की थोड्याच आठवड्यांत हे पाणी असे थिजेल की त्यावरून चालत पलीकडच्या मुलुखात जाता येईल. नेनेत्स लोकांशीही भेटी झाल्या. डच खलाशांनी त्यांची एक मूर्ती उचलून आणली होती. तेव्हा एक नेनेत्स मनुष्य गाडीतून गलबतापर्यंत आला आणि खुणा करून ती मागू लागला. डचांनी ती परत दिली. ज्याने गोव्यात परधर्मीयांच्या देवस्थानांची काय गत झाली ते पाहिले होते, त्या लिन्स्खोटेनच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, ह्याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे.

सप्टेंबरच्या 6 तारखेस एक भयंकर प्रसंग घडला. सामुद्रधुनीतील एका लहान बेटावर चकाकणारे स्फटिक सापडत. हिरे समजून खलाशी ते वेचीत होते. एका पांढऱ्या अस्वलाने मागून येऊन दोघांस ठार केले. पुढे थोड्याच दिवसांत निर्णय घ्यावा लागला. बारेन्ट्सचा आग्रह होता की आणखी प्रयत्न करावा, वेळ पडल्यास हिवाळा तेथेच काढावा. लिन्स्खोटेन आणि इतर प्रमुखांनी परत फिरण्याच्या बाजूने कौल दिला. बर्फामुळे पुढे जाणे अशक्य झाले, अशा अर्थाच्या लेखावर सह्या झाल्या. आदल्या वर्षी ज्या लेखणीने दार उघडे असल्याचे लिहिले, तिनेच आता ते बंद असल्याचे लिहिले. काही चरित्रकारांस ह्यात भित्रेपणा दिसतो. आम्हांस तो दिसत नाही. सात गलबतांवरील माणसे त्याच्या मागील वर्षीच्या शब्दावर आली होती. तो शब्द मागे घेण्याची लाज त्याने पत्करली आणि माणसे घरी आणली.

1596 च्या तिसऱ्या सफरीत लिन्स्खोटेन नव्हता. त्या सफरीत बारेन्ट्स व त्याच्या सोबत्यांस स्पिट्सबर्गेन बेट दिसले. परंतु पुढे त्यांचे गलबत नोवाया झेम्ल्याच्या ईशान्य टोकाजवळ बर्फात अडकले. वाहून आलेल्या लाकडांचे घर बांधून सतरा जणांनी तेथे हिवाळा काढला. नोव्हेंबरच्या आरंभी गेलेला सूर्य 24 जानेवारीस दिसला, म्हणजे गणिताने यावयाचा त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी. लोकांनी पुष्कळ वर्षे त्यांस खोटे ठरविले. थंड हवेच्या थरांतून किरण वाकल्यामुळे क्षितिजाखालचा सूर्य वर दिसतो, हे आता सिद्ध झाले आहे, आणि ह्या चमत्कारास त्या बेटाचेच नाव आहे. उघड्या होड्यांतून परतताना 20 जून 1597 रोजी बारेन्ट्स वारला. बारा जण घरी पोचले. ते घर 1871 साली एका नॉर्वेजियन कप्तानास सापडले, आणि वस्तू जशा ठेवल्या तशा त्यात होत्या.

इकडे आणखी एक गोष्ट घडत होती. गोव्याहून आणलेल्या टिपणांचे पुस्तक लिन्स्खोटेनने 1595 साली छापविले आणि 1596 साली आपला प्रवासग्रंथ पूर्ण केला. मलाक्का पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे, म्हणून सुंदाच्या सामुद्रधुनीतून जावे, असा सल्ला त्यात होता. तो स्वतः कारा समुद्राच्या उंबरठ्यावर बर्फ दूर होण्याची वाट पाहत असताना, त्याच वर्षीच्या एप्रिलात निघालेला हाउटमनचा काफिला त्याच्या टिपणांच्या आधारे आफ्रिकेस वळसा घालीत होता. 1596 च्या जूनमध्ये तो जावा बेटावरील बांताम येथे पोचला. दक्षिणेची वाट मोकळी झाल्यावर उत्तरेच्या वाटेवर पैसा घालावयास व्यापारी पूर्वीसारखे उत्सुक राहिले नाहीत. अशा रीतीने लिन्स्खोटेनच्या एका उद्योगाने त्याचा दुसरा उद्योग मागे पाडला. कोकणासही त्याची आच लागली: पुढे डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली आणि तेथून गोव्याच्या बंदराची कोंडी केली. त्या वखारीचे पडके तट वेंगुर्ल्यास आजही उभे आहेत.

लिन्स्खोटेन पुन्हा लांबच्या सफरीवर गेला नाही. एंकहाउझेन नगराचा खजिनदार म्हणून त्याने काम केले, आणि उत्तरेकडील दोन्ही सफरींची रोजनिशी 1601 साली छापविली. यशाचे पुस्तक लिहिणारे पुष्कळ असतात. ह्याने फसलेल्या सफरींचाही प्रत्येक दिवस, किनाऱ्याच्या रेखाचित्रांसह, लोकांपुढे ठेवला. 8 फेब्रुवारी 1611 रोजी तो वारला. वय अवघे अठ्ठेचाळीस.

नासाउ हे नाव नकाशावर टिकले नाही. रशियनांचे युगोर हेच नाव राहिले. 1878 च्या उन्हाळ्यात नॉर्डेनशल्ड हा शास्त्रज्ञ व्हेगा नावाच्या वाफेच्या जहाजातून त्याच सामुद्रधुनीतून गेला. त्या वर्षी समुद्र उघडा होता. बेरिंगच्या सामुद्रधुनीस दोन दिवसांची वाट उरली असता बर्फाने त्यास गाठले, आणि जवळजवळ दहा महिने जहाज एका जागी गोठून राहिले. नंतर ते सुटले, जपानवरून हिंदी महासागरात शिरले, आणि 1879 च्या डिसेंबरात सिंहलद्वीपातील गॉल बंदरात नांगर टाकून उभे राहिले. वायगाचवरून निघालेले जहाज उत्तरेच्या वाटेने आमच्या समुद्रात यावयास लिन्स्खोटेनच्या पहिल्या सफरीपासून 285 वर्षे लागली.